वासाची वही: तुमच्याकडे कोण लिहून ठेवतं?

गॅलरीतली तुळस, १६ जून २०२४, रात्री ११:४२

मंडळी, हा धागा काढायचं दोन वर्षं मनात होतं. २३ मेला कारखान्यातल्या स्फोटाने बेडरूमची काच फुटून गादीवर पडली. दुपारची वेळ, गादीवर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. काच बसवून होतेय तोच १२ जूनला पुन्हा आग. तेव्हा म्हटलं, आता लिहितेच.

आम्ही डोंबिवलीत एमआयडीसीच्या निवासी भागात राहतो, १९९८ पासून. स्फोट झाला की पेपरात येतं. २६ मे २०१६ च्या स्फोटात १२ जण गेले, या मेमध्ये दहाहून जास्त. हिरवा पाऊस पडला (जानेवारी २०१४) तेव्हा बातमी झाली. रस्ता गुलाबी झाला (फेब्रुवारी २०२०) तेव्हा खुद्द मुख्यमंत्री उद्धव ठाकरे येऊन बघून गेले. दिसणाऱ्या गोष्टींची दखल घेतली जाते. माझा विषय न दिसणारा आहे. वास.

हिरव्या पावसानंतर मी वासांची नोंद ठेवायला लागले. आधी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाशेजारी. नंतर स्वतंत्र वही केली. नमुना देते:

४ डिसेंबर, पहाटे ५:१०. सडकी कोबी. वारा पडलेला.
११ जानेवारी, रात्री २:००. बूटपॉलिश. जिभेवर गोडसर चव.
१३ जानेवारी, रात्री २:१५. बूटपॉलिश.
१५ जानेवारी, रात्री १:५०. बूटपॉलिश. डोकं जड.
३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७. डांबरगोळ्या.
१९ मार्च, रात्री १:००. सडकी अंडी, फार. धाकट्याला उलटी.

१९ मार्चला रात्रीच तक्रार केली. माणूस आला दुसऱ्या दिवशी साडेअकराला. गॅलरीत उभा राहिला, दोनदा नाक वर केलं आणि म्हणाला, "मॅडम, आत्ता तर काही येत नाहीये." मी वही दाखवली. त्याने आदराने बघितली, खरंच आदराने, आणि परत दिली. "हे तुम्ही लिहिलंय ना," म्हणाला.

मोबाइलवरच्या हवेच्या ॲपमध्ये त्या रात्रीची हवा "समाधानकारक". हिरवा ठिपका.

प्रश्न असा: तुमच्याकडे अशा नोंदी कोणी ठेवतं का? कशा ठेवता? आणि कुठे कोणी त्या मानल्यात का?

----------

चष्मेबद्दूर, १६ जून, रात्री ११:५८

पहिला! शेजारच्यांच्या सुकटीची नोंद कुठल्या रकान्यात? (ह.घ्या.)

----------

गॅलरीतली तुळस, १७ जून, रात्री १२:०४

सुकटीचा वास सुकटीचाच असतो, तो लिहावा लागत नाही. घेतलं हलके.

----------

मोलॅरिटी, १७ जून, सकाळी ७:३०

केमिकल इंजिनिअर आहे, थोडं पुस्तकी बोलतो.

ॲप खोटं बोलत नव्हतं, त्याला तो प्रश्नच विचारलेला नव्हता. आपल्याकडचा हवेचा निर्देशांक आठ घटकांवर काढतात: दोन प्रकारची धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया, शिसं. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा घटक आहेत, त्यात बेंझिन, आर्सेनिक, निकेल वगैरे येतात. सडक्या अंड्यांचा वास ज्याचा, तो हायड्रोजन सल्फाइड दोन्ही याद्यांत नाही. कोबीवाले मर्कॅप्टन (गंधकाची उग्र वासाची संयुगं) नाहीत. बूटपॉलिशवालं जे काही आहे तेही नाही. म्हणजे रात्रभर अंडी सडली तरी ठिपका हिरवाच राहू शकतो.

आणखी एक, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. प्रमाण खूप वाढलं, साधारण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं, की नाकच बधिर होतं. "वास गेला, बरं झालं" असं वाटतं ती वेळ सगळ्यात वाईट असू शकते. मॅनहोलमध्ये उतरलेली माणसं अशीच जातात, आणि त्यांना काढायला उतरलेलीही.

हिवाळ्यात पहाटे वास का जास्त? जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि वर उबदार हवेचं झाकण. एरवी वर निघून गेलं असतं ते तुमच्या गॅलरीच्या उंचीवर पसरून राहतं. कारखान्याची चिमणी बिचारी झाकणाखालीच.

----------

तिसरी पाळी, १७ जून, सकाळी ९:१५

ताई, राग मानू नका. तुमची वही वाचली आणि हसू आलं. वाईटही वाटलं.

मी ३१ वर्षं रंगांच्या कारखान्यांत ऑपरेटर होतो. कुठल्या गावात ते राहू द्या. तुम्हाला रात्री दहा मिनिटं जो वास येतो ना, त्यात आम्ही आठ तास उभे असायचो. ओव्हरटाइम असेल तर सोळा. आमची वही कोणी लिहिली?

अंगाला रंग लागायचा तो साबणाने जात नाही. आंघोळ करून स्वच्छ बनियन घालून झोपलो तरी घामातून पिवळं उतरायचं. उशीचा अभ्रा पिवळा, गादी पिवळी. बायको म्हणायची, लोकांची होळी एक दिवस, आमची बारा महिने. पाहुणे आले की मी चादर पालटून घ्यायचो आधी.

सुटताना गुळाचा खडा मिळायचा. काही ठिकाणी दूध. गुळाने घशातली धूळ उतरते म्हणायचे. घशाला बरं वाटायचं खरं. रक्तात काय गेलं त्याला गूळ काय करणार?

आणि नाराज होऊ नका, पण निवासी भागातली मंडळी मोर्चा आणायची तेव्हा गेटवर पहिली आम्हीच दिसायचो. शिव्या आम्हाला. मालक वरळीला.

----------

चष्मेबद्दूर, १७ जून, सकाळी ९:२१

काका, दंडवत. माझा वरचा पांचट प्रतिसाद मागे घेतो.

----------

लघुउद्योगी, १७ जून, सकाळी ११:०५

एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. माझं छोटं युनिट आहे, २२ माणसं. डोंबिवलीची एमआयडीसी १९६४ ची. तेव्हा आजूबाजूला भातशेती होती. मधल्या मोकळ्या जागांवर इमारती कोणी उभ्या केल्या, परवानग्या कोणी दिल्या, हे पण विचारा की. "कारखाने हटवा" म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी फ्लॅट घेताना चिमणी बघितली होती आणि म्हणून भाव पाडून घेतला होता.

दुसरं, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी घातक कचरा तळोज्याच्या प्रक्रिया केंद्राला रीतसर पाठवतो. त्याचा खर्च येतो, वाहतुकीचा वेगळा. शेजारचा पाठवत नाही. त्याच्याकडे रात्री टँकर येतो, रोख घेतो आणि जातो. कुठे जातो ते तो विचारत नाही. मग त्याचा माल माझ्यापेक्षा स्वस्त, आणि गिऱ्हाईक मला म्हणतं, "तुम्हीच महाग कसे?" नियम पाळणाऱ्याने धंदा कसा करायचा, हे या धाग्यावर कोणी सांगितलं तर उपकार होतील.

----------

वालधुनी, १७ जून, सकाळी ११:४०

तो टँकर कुठे जातो ते सांगतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये आमच्या उल्हासनगरला आला होता. पहाटे वालधुनी नदीत रसायन सोडलं आणि काठावरच्या वस्त्यांत शेकडो लोकांना श्वास घेता येईना. उलट्या, डोळ्यांची आग. दवाखान्यात खाटा पुरेनात. आम्ही आजीला रिक्षात घालून नेलं तर आत बसायला जागा नव्हती, पायरीवर बसवलं.

तुमच्या शेजाऱ्याचा माल स्वस्त पडतो कारण उरलेले पैसे आमची आजी भरते.

----------

लघुउद्योगी, १७ जून, दुपारी १२:१०

मान्य. मी त्याचं समर्थन करत नाहीये.

----------

वालधुनी, १७ जून, दुपारी १२:१३

पण त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे.

----------

(यापुढचे दोन प्रतिसाद संपादित. वैयक्तिक होऊ नये ही विनंती. धाग्याचा विषय नोंदी हा आहे. – संपादक)

----------

खाडीवाला, १७ जून, रात्री ८:५०

मी दाभोळच्या खाडीकाठचा. भोई. लोट्याच्या एमआयडीसीचं पाणी पाइपातून करंबवण्याला खाडीत सोडतात, हे तिकडच्यांना माहीत असेल. शुद्ध करून सोडतात म्हणे.

तुम्ही वही लिहिता, आमची वही म्हणजे पाग, फेकायचं जाळं. माझे वडील पाग टाकायचे तेव्हा बोय, कोळंबी, चिंबोऱ्या, नशीब असेल तर जिताडा. कुठल्या वळणावर कुठल्या तिथीला काय मिळेल ते त्यांना तोंडपाठ होतं. आता त्या पाठांतराचा उपयोग नाही. मी पाग टाकतो आणि पिशव्या काढतो. पाण्यात तासभर उभं राहिलं की पिंढऱ्या खाजतात. घरी आलं की खोबरेल.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पहिला पाऊस. आजपासून पंधरा दिवस बघा. नाल्यांना पाणी आलं की त्या पाण्यात मिसळून सोडून द्यायचं, पावसात कोण बघतोय? सकाळी काठावर मासे उताणे. लहान-मोठे सगळे, पांढरी पोटं वर.

मग पंचनामा. फोन करायचा, साहेब येणार, कधी येणार? मेलेला मासा थांबत नाही त्यांच्यासाठी. ओहोटी लागली की निघाला समुद्राकडे. दुसऱ्या भरतीला उरलेला चिखलात. साहेब येईपर्यंत खाडी साफ. "कुठे आहेत मासे?" आम्ही फोटो दाखवतो. ते म्हणतात, फोटो कुठलाही असू शकतो. एकदा एकाने बादलीत भरून ठेवले, तर म्हणे, हे बादलीत मेले.

आणि चिपळूणच्या बाजारात आमच्या बायकांना गिऱ्हाईक विचारतं, "खाडीचे का समुद्राचे?" खाडीचे म्हटलं की टोपली पुढे सरकत नाही. म्हणजे आमच्याकडे पुरावा नाही म्हणतात, आणि बाजाराला मात्र पुरावा लागत नाही.

----------

मोलॅरिटी, १७ जून, रात्री ९:३०

बादलीवरून आठवलं. हे नुसतं अधिकाऱ्याचं डोकं नाही, कायद्यातच आहे. १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा, कलम २१. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने नमुना घ्यायचा तर तिथल्या तिथे कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना सील, सह्या. ही पद्धत मोडली तर तपासणीचा अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १९८१ च्या हवेच्या कायद्यात, कलम २६ मध्ये, धुराच्या नमुन्याची तीच तऱ्हा.

हेतू चांगला आहे, कोणावर खोटा आळ येऊ नये. पण त्याचा अर्थ असा होतो की ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी कळवून नमुना घ्यायचा. आणि खाडीवाले दादांनी पहाटे चार वाजता भरलेली बाटली कितीही खरी असली तरी ती नुसती बाटली.

----------

खाडीवाला, १७ जून, रात्री ९:४१

चोराला बोलावून पंचनामा.

----------

कडूनिंब, १७ जून, रात्री १०:२०

डॉक्टर आहे, एका औद्योगिक पट्ट्यात बावीस वर्षं दवाखाना. तिसरी पाळी यांनी विचारलं, "आमची वही कोणी लिहिली?" ते आम्ही लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.

१९४८ चा कारखाने कायदा, कलम ८९. त्याला जोडलेल्या तिसऱ्या परिशिष्टात २९ आजार आहेत: शिशाची विषबाधा, पारा, बेंझिन, सिलिकोसिस, कामातून होणारे कर्करोग. यांतला आजार कारखान्यातल्या रुग्णाला झालाय असं वाटलं तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचं असतं. बंधनकारक आहे. मला हे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला नाही, प्रॅक्टिसच्या अकराव्या वर्षी कळलं. माझ्या ओळखीत असा कागद पाठवलेला डॉक्टर मी एकच बघितला आणि तो मी. एकदाच.

अडचण कुठे येते ते सांगते. रुग्ण येतो खोकला घेऊन. विचारलं, कुठे काम करता? "कंपनीत." कुठल्या? "ठेकेदाराकडे." काय बनतं तिथे? "पावडर." पावडरीचं नाव त्याला कोणी सांगितलेलं नसतं, पिंपावरचं लेबल इंग्रजीत किंवा खरवडलेलं. खरं म्हणजे भोपाळनंतर १९८७ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं. कागदावर.

आणि वेळ. रंगांच्या कामातून मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जर्मनीतल्या लुडविग रेन नावाच्या शल्यविशारदाने १८९५ मध्येच मांडलं होतं. फ्रँकफर्टच्या एका रंग कारखान्यातल्या कामगारांत त्याला एकामागून एक रुग्ण दिसले. पुढे बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाईन या रसायनांची नावं पक्की झाली. पण हा आजार वीस-वीस वर्षांनी वर येतो. तोवर ठेकेदार तीन झालेले, कंपनीचं नाव बदललेलं, हजेरीचं पुस्तक रद्दीत. लघवीतून रक्त जातं म्हणून साठीचा माणूस येतो आणि मी विचारते, तंबाखू? तो हो म्हणतो. मी "तंबाखू" लिहिते. पाटी कोरी.

----------

तिसरी पाळी, १७ जून, रात्री ११:०५

डॉक्टर, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार.

तंबाखूवरून एक. आमच्याकडे नायट्रोबेंझिन आणि ॲनिलिनचं काम होतं. पिंप उघडताना अंगावर उडालं, चड्डीवर सांडून तसंच वाळलं, तरी ते कातडीतून आत जातं, हुंगायची गरज नाही. माणसाचे ओठ निळे पडतात. नखं जांभळी. पाळी संपताना आम्ही एकमेकांचे ओठ बघायचो, बायका आरशात बघतात तसे. "तुझे झाले रे," म्हणायचो, मग तो बाहेर जाऊन बसायचा.

यात दारू पोटात गेली की त्रास दुप्पट. पाळी संपली, दोन घोट घेतले, आणि रस्त्यात आडवा. लोक म्हणायचे, बेवडा, पिऊन पडला. घरचे पण तेच म्हणायचे. आमचा एक जोडीदार असाच तीनदा पडला. त्याची बायको आजही सांगते, दारूने गेला.

डॉक्टर सुईतून निळं औषध द्यायचे त्यावर.

----------

कडूनिंब, १७ जून, रात्री ११:१६

मेथिलीन ब्लू. तोही रंगच, योगायोग बघा. रक्त प्राणवायू धरेनासं होतं, ते त्याने पुन्हा धरू लागतं.

----------

भोपाळी, १८ जून, सकाळी ६:४०

आम्ही तीन पिढ्या भोपाळचे मराठी. माझी आई १९८४ मध्ये एकवीस वर्षांची होती, घर जुन्या भागात. २ डिसेंबरच्या मध्यरात्री तिला वाटलं शेजारी कोणीतरी मिरच्या जाळतंय. सगळे तसंच म्हणतात, मिरची. आजोबा ओरडायला बाहेर गेले की एवढ्या रात्री फोडणी कसली घालता. मग कळलं, अख्खी गल्ली बाहेर आहे.

ओला कपडा तोंडाला बांधा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा, एवढं कोणी सांगितलं असतं तरी कितीतरी वाचले असते. कोणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा नाही, की आलंय काय.

नोंदीबद्दल: आजोबांनी पुढे वर्षानुवर्षं फाइल सांभाळली. त्या रात्री आपण तिथेच होतो, रेशनकार्डावर नाव आहे, छातीचा फोटो आहे, दाखवा, परत दाखवा. १९८९ मध्ये कंपनीशी ४७ कोटी डॉलरचा समझोता झाला. बहुतेक जखमींच्या हातात सुरुवातीला २५ हजार रुपये आले. फाइलचं वजन त्यापेक्षा जास्त होतं. कंपनीच्या आवारातला शेकडो टन विषारी कचरा चाळीस वर्षं तिथेच पडून राहिला. त्याला मात्र कोणी रेशनकार्ड विचारलं नाही.

ताई, वही लिहा. पण त्यावर रोजच्या रोज तारीख आणि सही टाका, आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. आजोबांचा सल्ला असता तर हाच.

----------

रसायनीकर, १८ जून, सकाळी १०:३०

दोन दिवस शांतपणे वाचतोय. एक शंका. २०२२ मध्ये ठरलं की डोंबिवलीतले १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवायचे. या मेनंतर पुन्हा तेच चालू आहे, टीव्हीवर डोंबिवलीकर टाळ्या वाजवतात.

पाताळगंगा म्हणजे आम्ही. इथे पण माणसं राहतात हो. नदी आहे, तिचं पाणी गावं पितात. आमच्याकडे आधीच रात्रीचे वास आहेत, वही मात्र नाही. तुमची भरलेली वही पण सोबत पाठवून द्या, म्हणजे आम्हाला कोणता वास कोणाचा ते कळेल.

----------

गॅलरीतली तुळस, १८ जून, दुपारी ३:१५

रसायनीकर, खरं सांगते, मीही टाळ्या वाजवल्या होत्या. काच नुकतीच फुटलेली होती. तुमचा प्रतिसाद वाचून ओशाळले. उत्तर नाही माझ्याकडे.

भोपाळी, सह्यांचं आजपासून सुरू. खालच्या मजल्यावरच्या काकू तयार आहेत. वरचे म्हणाले, फ्लॅट विकायचाय, सही नको.

२०१६ च्या स्फोटानंतर आमच्याही काचांचा पंचनामा झाला होता. तसे सव्वीसशेच्या वर झाले. आमचा कागद कुठे गेला ते विचारून दमलो. यंदाच्या काचेचा पंचनामा करायला आलेल्या मुलाने तेच तीन प्रश्न विचारले.

तिसरी पाळी काका, तुम्ही गेटवरच्या शिव्यांचं लिहिलंत. २००५ च्या एका मोर्चात मी होते. गेटवर उभ्या असलेल्या माणसाला मी "लाज वाटत नाही का" म्हटलं होतं. त्याचे हात पिवळे होते. मला वाटलं हळद, म्हणजे घरी कार्य असेल. इतकं कळत नव्हतं.

----------

तिसरी पाळी, १८ जून, रात्री ९:००

जाऊ द्या ताई. आम्ही पण आतून तुमच्या इमारतींना नावं ठेवायचो.

तुमची वही काल रात्री परत वाचली. ११, १३, १५ जानेवारी, दोनच्या सुमारास, बूटपॉलिश. पुढे काय आहे? १७ ला होतं का?

----------

गॅलरीतली तुळस, १८ जून, रात्री ९:२२

थांबा, बघते.

१७: रात्री २:०५, बूटपॉलिश.
१९: काही नाही.
२१: काही नाही.
२३: रात्री २:२०, बूटपॉलिश, हलका.
२५: रात्री २:००, बूटपॉलिश.

बाप रे. दिवसाआड आहे. मी दहा वर्षं लिहितेय आणि कधी खाली बोट लावून वाचलंच नव्हतं.

----------

तिसरी पाळी, १८ जून, रात्री ९:५५

दिवसाआड म्हणजे बॅच, एका वेळी काढलेला घाणा. वारा दिवसाआड सुटत नाही, माणूस सोडतो.

माझा अंदाज, नायट्रोबेंझिन. त्याचा वास बूटपॉलिशचाच, कडू बदामासारखा पण म्हणतात. तिसरी पाळी रात्री चढते, साहेब लोक गेलेले असतात. एक-दीडला गरम करून उडवायला घेतात. कंडेन्सरला थंड पाणी नीट मिळालं तर वाफ परत पातळ होऊन खाली येते. रात्री विजेसाठी एक पंप बंद ठेवला की पाणी कमी पडतं, आणि वाफ वेंटमधून, म्हणजे बाहेर सोडायच्या नळीतून, तुमच्या गॅलरीत. १९ आणि २१ ला काही नाही म्हणजे काहीतरी दुरुस्तीला काढलं असणार. २३ ला हलका, म्हणजे अर्धी बॅच घेऊन बघितली.

पुढच्या वेळी तक्रार करताना "वास येतो" म्हणू नका. म्हणा, अमुक तारखेला रात्री दीड ते अडीच या वेळात या, आणि बॅचच्या नोंदीचं पुस्तक मागा, प्रत्येक कारखान्यात असतं. अंड्यांचा किंवा ॲसिडचा वास असेल तर स्क्रबरचं विचारा. स्क्रबर म्हणजे वाफ धुणारं यंत्र, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरतं. कॉस्टिक संपलं की नुसतं पाणी फिरवतात. बघणाऱ्याला पंप चालू दिसतो, तो लिहितो "चालू". त्याला सांगा, पाण्यात पीएचचा कागद बुडवून दाखव, कॉस्टिक आहे की नाही ते रंगावरून कळतं.

----------

मोलॅरिटी, १८ जून, रात्री १०:०८

काका, हे आम्हाला चार वर्षांत कोणी शिकवलं नाही.

----------

लघुउद्योगी, १८ जून, रात्री १०:३०

पीएचच्या कागदाबद्दल सहमत. माझ्याकडे कोणीही येऊन बुडवा. दिवसा नाही, रात्री या.

----------

वालधुनी, १८ जून, रात्री १०:३३

काका, तुमच्या बोलण्यावरून तुम्हाला कारखाना कोणता तेही कळलेलं दिसतं.

----------

तिसरी पाळी, १८ जून, रात्री ११:४०

नाव विचारू नका. पुतण्या याच लाइनीत आहे, ठेकेदाराकडे. मीच चिकटवलाय.

----------

गॅलरीतली तुळस, १८ जून, रात्री ११:५२

नाव कोणीच विचारू नये, ही विनंती.

वहीत दोन रकाने वाढवलेत: "मागच्या वेळेपासून किती दिवस" आणि "किती वेळ टिकला". रसायनीकर, कोरा तक्ता तुम्हाला निरोपातून पाठवते, हवा असेल तर.

----------

रसायनीकर, १९ जून, सकाळी ७:०५

पाठवा. बारा प्रती काढतो.

----------

खाडीवाला, १९ जून, सकाळी ७:३०

तिथीचा रकाना पण घाला. तुमचा खंबाळपाड्याचा नाला शेवटी खाडीलाच मिळतो ना? अमावास्या-पुनवेला उधाणाची भरती नाल्यात उलटी चढते, पाणी तुंबतं, त्या दिवशीचा वास नाल्याचा की चिमणीचा ते तिथीवरून कळेल. कालनिर्णयवर आहेच, वेगळं काही आणायला नको.

आमच्याकडे काल रात्री पाऊस लागला. सकाळी काठावर जाऊन आलो. अजून तरी काही नाही.